चण लहान, चेंडू तुफान

मैत्रिणींनो, आज मी चक्क क्रिकेटवर लिहिणार आहे. पान उलटू नका! मलाही परवापरवापर्यंत क्रिकेट म्हणजे घरातल्या पुरुषांनी टीव्हीसमोर ठाण मांडायचं आणि आपण चहाच्या फेऱ्या मारायच्या, एवढंच ठाऊक होतं. पण आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून एका माणसाची ओळख झाली. ती तुम्हाला करून दिल्याशिवाय मला राहवेना.

आमच्या दिघोरीत दिवाळी उरकली, हलके धान कापून झाले, की बांध्या मोकळ्या होतात. गावोगावी मंडई भरते, दंडारीच्या तालमी सुरू होतात, आणि त्याच मोकळ्या बांधीत पोरांचं क्रिकेटही सुरू होतं. रबरी नाहीतर टेनिसचा चेंडू, विटांची नाहीतर काड्यांची यष्टी. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझ्या धाकट्या जावेच्या मुलीनं ध्यासच घेतला. पोरगी सातवीत आहे. विश्वविजेत्या संघातली क्रांती गौड ही मध्य प्रदेशातल्या घुवारा नावाच्या लहानशा गावची, तीही टेनिसच्या चेंडूवर पोरांमध्ये खेळूनच मोठी झाली, हे तिला कुठूनतरी कळलं होतं. झालं! बाई रोज संध्याकाळी बांधीत हजर. पोरांनी तिला दूर उभं केलं, तुरीत गेलेला चेंडू आणून देण्याचं काम दिलं. तिला मात्र वेगवान गोलंदाजी करायची होती. सगळे हसले, कारण पोरगी चणीनं अगदी लहान. वर्गात पहिल्या बाकावर बसवतात तिला.

घरी आली ती रडतच. जाऊ आधीच कावलेली होती. तिचं म्हणणं असं की एक तर मुलीची जात, त्यात उंची नाही, अंगात मांस नाही. कंबर-बिंबर मोडून घेतली तर उद्या कोण निस्तरणार? आता आईचा जीव आहे तो, तिचं अगदीच चुकलं असंही मी म्हणणार नाही. मी दोघींच्या मध्ये पडणार, इतक्यात छपरीत बसलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिथूनच बोलले. त्यांनी विचारलं की रमाकांत देसाई हे नाव तुमच्यापैकी कोणी ऐकलंय का? कोणीच ऐकलं नव्हतं. मी बी.ए. झालेली, पण मीही नाही.

मामाजींचं वय आता ऐंशीच्या पुढं. तरुणपणी नागपूरहून येणारा पेपर दुसऱ्या दिवशी हातात पडायचा, तो ते खेळाच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे. त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं, त्यावर मी नंतर थोडं वाचन केलं, आकडे पडताळून घेतले. आणि खरं सांगते, जितकं वाचत गेले तितकी मला त्या माणसात आपल्या बायकांचीच ओळख पटत गेली. कसं ते पुढं येईलच.

रमाकांत भिकाजी देसाई यांचा जन्म २० जून १९३९ चा, मुंबईचा. मराठी मुलगा, उंची जेमतेम पाच फूट चार इंच. वेगवान गोलंदाज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं ताडमाड माणूस येतो. उंची जितकी जास्त तितका चेंडू उंचावरून येतो आणि टप्पा पडून फलंदाजाच्या छातीपर्यंत उसळतो, असा साधा हिशेब आहे. देसाईंजवळ ते भांडवलच नव्हतं. त्यांचं पुढं सगळीकडं पडलेलं टोपणनाव होतं टायनी, म्हणजे इवलासा. असलं नाव ऐकून एखादा खचला असता. यांनी काय केलं, तर धावत येण्याची लय, खांद्याची फेक आणि मनगट यांतून वेग काढला. आणि गंमत म्हणजे त्यांचं खास अस्त्र होतं उसळता चेंडू, ज्याला बाऊन्सर म्हणतात. उंच गोलंदाजाचा बाऊन्सर पुष्कळदा डोक्यावरून निघून जातो. कमी उंचीच्या माणसाचा चेंडू सरपटल्यासारखा झपकन येतो आणि गळ्याशी, हनुवटीशी पोहोचतो. फलंदाजाला खाली वाकावं की मागं सरावं तेच कळत नाही. म्हणजे ज्याला सगळे उणं म्हणत होते, तिथूनच त्यांचा चेंडू धारदार झाला.

१९५८-५९ च्या मोसमात ते मुंबईकडून रणजी करंडकात पहिल्यांदा खेळले. वय एकोणीस. त्या पहिल्याच वर्षी त्यांनी पन्नास बळी घेतले, तेही एका बळीमागं जेमतेम अकरा धावा देऊन. मुंबईनं करंडक जिंकला. पुढं १९६८-६९ पर्यंत ते मुंबईकडून खेळले आणि त्या अकराही वर्षांत करंडक मुंबईचाच राहिला. मुंबईच्या त्या काळच्या फलंदाजांची नावं आजही घेतली जातात, पण नवा चेंडू हातात घेऊन समोरच्यांची पहिली फळी कापून काढणाऱ्याचं नाव आपल्यासारख्यांपर्यंत पोहोचलंच नाही.

त्याच मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. त्यांच्याकडं वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट असे दोन आग ओकणारे गोलंदाज. त्यांनी आपल्या फलंदाजांची पार दाणादाण उडवली. आपल्याकडं मात्र उत्तर द्यायला कोणी नाही. आपल्या संघाची तेव्हाची अवस्था सांगते: पाच सामन्यांच्या त्या एका मालिकेत आपले चार कर्णधार झाले! पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि शेवटी हेमू अधिकारी. आमच्या बचत गटाचा अध्यक्ष दर महिन्याला बदलला असता, तर बँकेनं आम्हाला दारात तरी उभं केलं असतं का? मालिका आपण हरलोच होतो. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावरच्या शेवटच्या कसोटीत, फेब्रुवारी १९५९ मध्ये, या एकोणीस वर्षांच्या पोराला संघात घेतलं.

आता इथं थोडं थांबते, कारण ही कसोटी समजून घेतल्याशिवाय देसाई कळायचे नाहीत. वेस्ट इंडीजनं आठ गड्यांच्या मोबदल्यात ६४४ धावा काढल्या. त्यांच्या तिघांनी शतकं ठोकली. दिल्लीची ती खेळपट्टी म्हणजे शेणानं सारवलेलं अंगणच, चेंडूला उसळी म्हणून नाही. तिथं आपल्या या पोरानं एका डावात ४९ षटकं टाकली. एका षटकात सहा चेंडू, म्हणजे २९४ चेंडू. प्रत्येक चेंडूला धावत यायचं, वीस पावलं धरा, म्हणजे जवळजवळ सहा हजार पावलं पळत आणि तितकीच चालत माघारी. दर वेळी पुढचा पाय जमिनीवर आपटताना अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर, घोट्यावर, पाठीच्या कण्यावर येतो. फिरकी टाकणाऱ्याला दोन पावलं चाललं तरी पुरतं, वेगवान गोलंदाजाचं तसं नाही. आजच्या काळात एखाद्या वेगवान गोलंदाजाला एका डावात इतकी षटकं टाकायला लावली, तर चर्चा होईल, डॉक्टर मध्ये पडतील, कोणाचे बॉलवर किती दिवस विश्रांती ते कागदावर मांडलं जाईल. तेव्हा असं काही नव्हतं. चेंडू हातात दिला की टाकायचा. त्या डावात बाद झालेल्या आठ जणांपैकी चार जण देसाईंनी बाद केले, १६९ धावा देऊन. त्याच सामन्यात पुण्याच्या चंदू बोर्डेंनी १०९ आणि ९६ धावा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला.

मामाजी हे सांगत होते तेव्हा मला रोवणीचे दिवस आठवत होते. चिखलात पोटरीपर्यंत पाय, दिवसभर कमरेत वाकून परे लावायचे. बांधाच्या शेवटाला पोहोचलं की सरळ उभं राहून एकदा मागं बघायचं आणि पुन्हा वाकायचं. पीक आलं की सगळे धान्याचं कौतुक करतात, कोणी कमरेचं विचारत नाही. असो.

त्याच वर्षी उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. तो दौरा म्हणजे आपल्या क्रिकेटमधलं एक दुःखाचं पान आहे. पाचही कसोटी आपण हरलो. पण जून १९५९ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर देसाईंनी ८९ धावांत पाच बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २२६ धावांत आटोपायला मोठा हातभार लावला. त्याच आठवड्यात त्यांना विसावं वर्ष पूर्ण झालं. घरापासून इतक्या दूर, परक्या थंड हवेत, हरत असलेल्या संघात विसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर हे काम! मला त्यांच्या आईचं काय झालं असेल असं वाटून गेलं. तेव्हा मोबाईल नव्हते, टीव्ही नव्हता.

खरा बहर आला तो १९६०-६१ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध. त्या वेळच्या भारत-पाकिस्तान सामन्यांची तऱ्हा अशी की हरायचं नाही एवढंच दोघांच्या मनात. पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. प्रेक्षक जांभया द्यायचे म्हणे! अशा मालिकेत देसाईंनी २१ बळी घेतले. पाकिस्तानचा हनीफ मोहम्मद म्हणजे एकदा खेळपट्टीवर उभा राहिला की दिवस-दिवस न हलणारा फलंदाज, पण त्यालाही या इवल्याशा माणसाच्या बाऊन्सरनं सतावलं.

पण मामाजींना सगळ्यांत आठवतो तो त्या मालिकेतला मुंबईचा सामना, आणि तोही गोलंदाजीसाठी नाही. ब्रेबॉर्न स्टेडियमवर देसाई दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला आले. दहावा म्हणजे ज्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते तो, पंगतीत शेवटी बसणारा. समोर यष्टिरक्षक नाना जोशी. दोघांनी मिळून नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या! देसाईंच्या त्यात ८५, नाना जोशींच्या नाबाद ५२. मामाजी तेव्हा शाळेत होते. गावात ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या दारात माणसं जमली होती, आणि हे शेवटचे दोघं बाद का होत नाहीत म्हणून घरच्या बाईनं दोनदा चहा केल्याचं त्यांना अजून आठवतं. (बघा, तेव्हाही चहा आपल्याच गळ्यात!) शतक पंधरा धावांनी राहिलं. राहू दे. ज्याला कोणी फलंदाज समजत नव्हतं, त्यानं पंच्याऐंशी केल्या.

पुढच्या वर्षी, १९६१-६२ मध्ये आपण इंग्लंडला मायदेशी दोन-शून्यनं हरवलं. ती मालिका सलीम दुराणी आणि चंदू बोर्डे यांच्या फिरकीची म्हणून ओळखली जाते आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडच्या कोरड्या खेळपट्ट्यांवर फिरकीच चालते. पण मला इथं एक गोष्ट खटकते. आपण पुढं पुढं फिरकीवरच इतके विसंबलो की वेगवान गोलंदाज म्हणजे चेंडूची चकाकी घालवण्यापुरता माणूस असं होऊन बसलं. चार-पाच षटकं टाक, चेंडू खरखरीत कर आणि जा बाजूला. देसाईंना दुसऱ्या टोकाला तोलामोलाचा जोडीदार फारसा लाभला नाही. हॉलला गिलख्रिस्ट होता, इंग्लंडच्या ट्रूमनला स्टॅथम होता. जात्याला दोन हात लागले तर दळण हलकं होतं, हे काय आपल्याला कोणी शिकवायला हवं? ते एकट्यानंच ओढत राहिले.

१९६२ चा वेस्ट इंडीजचा दौरा तर आणखी अवघड गेला. तिथंही आपण पाच-शून्य हरलो. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला, कवटीला तडा गेला, जिवावर बेतलं. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल यानं स्वतःचं रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. तेव्हा हेल्मेट नव्हतं. ते यायला सत्तरचं दशक सरत यावं लागलं. देसाई त्या दौऱ्यावरच्या संघात होते. चेंडू माणसाचं काय करू शकतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

या पराभवानंतर आपल्या क्रिकेट मंडळाला जाग आली. १९६२-६३ मध्ये वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज भारतात आणले, त्यांना रणजीत खेळवलं, म्हणजे आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी. त्यांत तो गिलख्रिस्टही होता. उपाय चांगलाच होता, पण आपले स्वतःचे गोलंदाज तयार व्हायला त्यानंतरही पंधरा-सोळा वर्षं गेली. १९७८ मध्ये कपिल देव आला तेव्हा कुठं. मधल्या काळात काय काय झालं म्हणता! १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या एका कसोटीत तर एरवी यष्टिरक्षण करणाऱ्या बुधी कुंदरनच्या हाती नवा चेंडू द्यावा लागला. घरात गॅस संपावा आणि ऐन वेळी पाहुणे यावेत, तशी गत.

देसाई मात्र संघात कधी आत, कधी बाहेर असे खेळत राहिले. मार्च १९६५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी ५६ धावांत सहा बळी घेतले. ही त्यांची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी. पण नशीब बघा, त्या सामन्यात आपला पहिला डाव अवघ्या ८८ धावांत कोसळला आणि दुसऱ्या डावात गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी नाबाद २०० धावा काढून सामना वाचवला. सामना सरदेसाईंच्या नावानं ओळखला जातो. सहा बळी जुन्या धावफलकात तसेच पडून आहेत.

आणि आता तो शेवटचा सामना. १९६८, फेब्रुवारी महिना, न्यूझीलंडमधलं ड्युनेडिन. कर्णधार मन्सूर अली खान पतौडी. भारत १९३२ पासून कसोटी खेळत होता, पण परदेशात एकही कसोटी जिंकलेली नव्हती. छत्तीस वर्षं! न्यूझीलंडनं पहिल्या डावात ३५० धावा केल्या. उत्तर देताना आपले नऊ गडी ३०२ वर बाद झाले. म्हणजे अजून ४८ धावांनी मागं, आणि शेवटची जोडी उरलेली, देसाई आणि बिशनसिंग बेदी. बेदी तेव्हा अगदी नवखे. न्यूझीलंडचा डिक मोट्झ हा अंगानं दणकट वेगवान गोलंदाज. त्याचा एक चेंडू उसळला आणि देसाईंच्या जबड्यावर बसला. जबडा मोडला.

जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या हनुवटीशी चेंडू नेत आला, त्याच्याच हनुवटीवर चेंडू आला. शेवटची जोडी होती. देसाई मैदान सोडून गेले असते तर डाव तिथंच संपला असता आणि कोणी बोल लावला नसता. सहा वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टरचं काय झालं ते ठाऊक असलेला माणूस होता तो. पण ते गेले नाहीत. मोडलेला जबडा घेऊन ते उभे राहिले, पुन्हा त्याच गोलंदाजांना सामोरे गेले. त्यांनी आणि बेदींनी शेवटच्या गड्यासाठी ५७ धावा जोडल्या आणि भारताच्या ३५९ झाल्या. मागं राहायचे ते उलट नऊ धावांनी पुढं गेले. नंतर प्रसन्नाच्या फिरकीनं न्यूझीलंडचा दुसरा डाव गुंडाळला, मुंबईच्या अजित वाडेकरांनी दोन्ही डावांत चांगली फलंदाजी केली आणि भारतानं पाच गडी राखून सामना जिंकला. परदेशातला पहिला कसोटी विजय! ती मालिकाही आपण तीन-एकनं जिंकली.

देसाईंची ही शेवटची कसोटी ठरली. वय फक्त अठ्ठावीस. ज्या वयात वेगवान गोलंदाज खरा पिकतो, त्या वयात ते थांबले. २८ कसोटी, ७४ बळी. आकडे वाचले तर कोणी म्हणेल, यात काय मोठं? एका बळीमागं सदतीस धावा, म्हणजे आजच्या हिशेबानं बेताचेच. मामाजींना मी हेच म्हटलं, तर ते रागावले. त्यांचं म्हणणं, आकडे बघताना खेळपट्टीही बघावी लागते, जोडीदारही बघावा लागतो आणि हातातून सुटलेले झेलही. मला त्यांचं पटलं. शिवाय सगळ्या प्रथम श्रेणी सामन्यांत मिळून त्यांचे ४६८ बळी आहेत आणि तिथं एका बळीमागं चोवीसच धावा पडल्या. हातात जिवंत खेळपट्टी आणि पाठीशी भक्कम संघ असला की हा माणूस काय करायचा, ते त्यातून दिसतं. एक मात्र मला अजूनही बोचतं. एकोणिसाव्या वर्षी ज्याच्याकडून ४९ षटकं टाकून घेतली, तो अठ्ठाविसाव्या वर्षी संपला, याचा कोणीतरी तेव्हाच विचार करायला हवा होता. कामाला खमका निघाला की त्याच्याच डोक्यावर सगळं टाकायचं, ही आपली जुनी खोड आहे, घरातसुद्धा.

नंतरची वर्षं फारशी गाजावाजाची नाहीत. १९९६-९७ च्या सुमारास ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. सचिन तेंडुलकर तेव्हा कर्णधार. ते काम म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाण्याचं. ज्याला घेतलं नाही तो नाराज, ज्याला काढलं तो नाराज. मृत्यूपूर्वी काही काळ आधी त्यांनी ते पद सोडलं. २७ एप्रिल १९९८ रोजी मुंबईत हृदयविकारानं ते गेले. साठीही पूर्ण झाली नव्हती.

मामाजींनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मात्र पोरगी टुणकन उठून बसली. आपल्या विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव. नागपूरजवळच्या वलनी गावात वाढलेला, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, तोही टेनिसच्या चेंडूवर खेळूनच पुढं आलेला. तोही वेगवान गोलंदाज. त्यानं पहिली कसोटी कुठं खेळली असेल? नोव्हेंबर २०११ मध्ये, दिल्लीच्या त्याच फिरोजशाह कोटलावर, त्याच वेस्ट इंडीजविरुद्ध! देसाईंच्या नंतर बावन्न वर्षांनी.

पोरीनं विचारलं की पाच फूट चार इंच म्हणजे नेमकं किती? मी शिवणाची टेप आणली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर खडूनं रेघ मारून दाखवली. ती रेघेखाली जाऊन उभी राहिली. अजून वितीहून जास्त कमी होती. मग तिनं आईलाही ओढून तिथं उभं केलं. जाऊ नको नको म्हणत उभी राहिली, आणि तिचं डोकं रेघेच्या दोन बोटं खालीच आलं.

जाऊ काही बोलली नाही. भाताला आधण ठेवलं. रात्री भांडी घासताना मात्र तिनं मला हळूच विचारलं की लाखांदूरच्या बाजारात तो खरा, चामड्याचा चेंडू मिळतो का, आणि केवढ्याला पडतो. शनिवारी गटाच्या कामानं मला जायचंच आहे. विचारून येते म्हटलं.